जायचं होतं, पण जाणं झालं नाही

शैला,

वर्तमानपत्रात तुझ्यावर चार ओळी आल्या. जन्म, शिक्षण, नोकरी, पश्चात भाऊ-भावजय. एकही चूक नव्हती, आणि त्यात तू कुठंच भेटली नाहीस. 'संख्याशास्त्राच्या क्षेत्रातील व्यासंगी व्यक्तिमत्त्व हरपले' असं वर ठळक छापलंय. हे कात्रण तुझ्या हाती लागलं असतं तर तू समासात लाल पेनानं लिहिलं असतंस, "असं कोण बोलतं?"

माझ्या मसुद्यांवर हे तीन शब्द तू इतक्यांदा लिहिलेस की पुढं पुढं मीच लिहिता लिहिता थांबायला लागले. आपलं कामच ते होतं. लोकांचा दिवस कशात जातो, ते कुठं जातात, कशानं जातात, पैसा कशाला लागतो, हे घरोघरी जाऊन विचारायचं, आणि त्यासाठी प्रश्न कसे असावेत ते ठरवायचं. माझ्या आईला शेवटपर्यंत वाटत राहिलं की मी जनगणनेत आहे. तुझा भाऊ गावाकडं, पासलीत, सांगायचा, "आमची शैली पुण्यात बसून लोकांच्या चौकशा करती." तू म्हणायचीस, "दादानं बरोब्बर सांगितलं. पगारी चौकशा."

कॉलेजात असताना तू पहिल्यांदा आमच्या भोरच्या घरी आलीस तो दिवस आठवतो. उत्रोलीला आत्याकडं राहायचीस, सुट्टीला पासलीला जायचीस. आईनं पोहे दिले आणि सहज विचारलं, "पासलीहून इथं यायला किती वेळ लागतो गं?" तू घास थांबवून म्हणालीस, "काकू, यायचं ठरवल्यापासनं का गाडीत बसल्यापासनं?" आई गोंधळली. बाबा कचेरीतून नुकतेच आले होते, ते चपला काढता काढता हसायला लागले. तू गेल्यावर म्हणाले, "ही पोरगी कुणाला सुखानं बसू देणार नाही." शैला, तसंच झालं. आणि त्याबद्दल मी कुणाकुणाचे आभार मानू?

आपली पहिली चाचणी उत्रोलीत झाली. प्रश्न छापण्याआधी दहा-वीस घरी विचारून बघायचे, चालतात का ते. एक तात्या मोटरसायकलवरून उतरले, मागं खताची गोणी बांधलेली. मी पुण्याच्या कार्यालयातून आलेला प्रश्न वाचला, "मागील सात दिवसांत आपण कोणकोणत्या प्रयोजनार्थ प्रवास केलात?"

"परवास?" तात्यांनी टोपी मागं सारली. "न्हाई बा. आमाला कसला परवास? मागं एकदा तुळजापूरला गेल्तो, तेवडंच."

मी 'नाही' लिहायला लागले. तू माझा हात धरलास. "तात्या, मग ही गोणी चालत आली व्हय?"

"ती व्हय? ती भोरातनं आणली की आत्ता. त्याला परवास म्हंत्यात?"

तू हसत हसत ओट्यावर बसलीस, तात्याही हसले, त्यांच्या सूनबाईनं आतून पाणी आणलं. त्याच दिवशी 'प्रवास' हा शब्द आपल्या प्रश्नावलीतून गेला आणि तिथं आलं, "काल घरातून निघून कुठं कुठं गेलात?" पुण्याहून निरोप आला की भाषेला वजन नाही. तू उलट निरोप धाडलास की वजन गोणीला आहे, भाषेला कशाला हवं.

वेल्ह्याकडच्या त्या जीपच्या भाड्याची गोष्ट मी आजही शिकवते. एक बाई दर आठवड्याला भाच्याच्या जीपमधून बाजाराला जायच्या. मी विचारलं, "भाडं किती देता?"

"भाडं कशाचं वो? भाच्याचीच जीप हाय. त्येच्या रानात लावणीला जाते की मी. कापणीलाबी."

मी भाड्यापुढं काहीच नाही असं लिहिलं, आणि वेळेच्या पानावर त्यांचं लावणीचं काम 'नातेवाइकांना मदत' म्हणून टाकलं. माझ्या मते काम चोख झालं होतं. तू मात्र तिथंच अंगणात बसकण मारलीस. तेव्हा वेळेची पाहणी वेगळी, जाण्यायेण्याची वेगळी आणि खर्चाची वेगळी, अशा तीन प्रश्नावल्या असायच्या. त्यांच्या पिना काढून तू सगळी पानं शेजारी शेजारी मांडलीस, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर खडे ठेवलेस. "बघ. ह्या बाई जीपचं भाडं चिखलात उभं राहून देतायत. ते इथं दिसत नाही, इथं दिसत नाही आणि इथंही दिसत नाही. ह्या तीन पाहण्या नाहीतच गं. एकच आहे." त्या बाई म्हणाल्या, "व्हय, तेच म्हनते मी."

त्यानंतर आपण एकाच माणसाला तिन्ही गोष्टी ओळीनं विचारायला लागलो. आपली पहिली जीत ती. तू ती अंगणात मिळवलीस, आणि ती कार्यालयात टिकवायला मला दोन वर्षं टिपणं लिहावी लागली, हेही नोंदवून ठेवते. तू ते नेहमी विसरायचीस.

आणि मग पासली.

तुझ्याच गावात चाचणी घ्यायची, तर ओळखीची म्हणून तू तोंड उघडायचं नाही, असं आपलं ठरलं होतं. विचारायचं मी. तुमच्या शेजारच्या इंदूकाकी दारात सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. काल कुठं गेलात? न्हाई. गेल्या आठवड्यात? न्हाई. महिन्याभरात? "न्हाई गं बाई, हितंच हाय." मी शून्य मांडलं आणि पान उलटलं.

तुला राहवलं नाही. "काकी, जायचं हुतं का पन कुठं?"

सूप थांबलं. "हुतं की," काकी म्हणाल्या. "डोळं दाखवायचं हुतं वेल्ह्याला. मोतीबिंदू झालाय म्हंत्यात. डाक्टर बसतो दुपारच्याला. नंबर लागस्तवर परतीची गाडी गेल्याली. मग राहायचं कुणाकडं? तुझा भाऊ सोडतो म्हनला, पन भाताची झोडणी टाकून त्येला कुठं वढू? चांगलं लुगडं नेसून बसले हुते त्या दिशी. मग बदललं."

एवढं बोलून त्या पुन्हा पाखडायला लागल्या. काही विशेष सांगितलं असं त्यांना वाटलंच नव्हतं. पुढच्या घरी तू तोच प्रश्न विचारलास, त्याच्या पुढच्याही. एका मुलीनं कॉम्प्युटरचा क्लास सोडला होता. एका म्हाताऱ्यांना धाकट्या भावाला भेटायचं होतं. प्रत्येक घरी माझ्या कागदावर शून्य होतं आणि तुझ्याजवळ एक गोष्ट.

परतताना कापूरहोळला फाट्यावरच्या ढाब्यात आपण भांडलो. तुझं म्हणणं, हा प्रश्न पाहणीत घालायचाच. माझं म्हणणं, पाहणी घडलेलं मोजते. न घडलेलं मोजायला बसलो तर अंत नाही.

"लोक काश्मीरला जायचं होतं म्हणतील," मी म्हणाले.

"म्हणू देत. मी काश्मीर खोडीन."

"तू कोण खोडणार? आणि कशाच्या जोरावर?"

ढाब्याचे मालक मिसळीचा रस्सा वाढायला आले आणि हळूच म्हणाले, "ताई, जमिनीच्या वाटणीचा वाद हाय का? बहिणीबहिणीत मिटवा. कोर्टात जाऊ नका." आपण दोघी इतक्या हसलो की शेजारच्या टेबलावरचे ट्रकवाले वळून बघायला लागले.

हसू ओसरल्यावर मला ते बदललेलं लुगडं आठवलं. मी म्हणाले, "इच्छा नाही मोजायची. तयारी मोजायची. जिनं लुगडं नेसलं, बदललं, तिचं धरायचं."

तू टेबलावर थाप मारलीस. "मग एवढा वेळ भांडत काय होतीस?"

"भांडले म्हणून सुचलं."

तिथंच कागदी रुमालावर आपण प्रश्न लिहिला. गेल्या महिन्यात कुठं जायचं ठरवलं होतं, पण जाणं झालं नाही? त्यासाठी काय तयारी केली होती? कशामुळं अडलं? पहिला आणि तिसरा तुझा, मधला माझा. रुमाल रश्श्यानं भिजून फाटला, पण तोवर प्रश्न दोघींना पाठ झाला होता.

पुण्यातल्या बैठकीत आपले मोठे सर म्हणाले, "न झालेलं जाणं आकड्यात कसं धरणार, शैलाताई?" प्रश्न रास्त होता. एरवी तू तिथं माझ्याहून शुद्ध बोलायचीस. त्या दिवशी उभी राहिलीस आणि तोंडातून पासली बाहेर पडली. "सर, ज्याच्या दारात गाडी हाय त्यो धा येळा जातो, आपन धा येळा लिवतो. ज्याच्याकडं न्हाई त्येचं शून्य. मग आपनच म्हंतो, ह्या गावच्या लोकास्नी कुठं जायाचंच नसतं. रस्ता कुणाला? तर धा येळा गेलेल्याला. शून्यवाल्याला पुन्हा शून्य."

सरांनी चष्मा काढून पुसला. माणूस सरळ होता. म्हणाले, "एक पान देतो. भोर आणि वेल्हे, दोनच तालुके. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

बाहेर व्हरांड्यात तू मला कमरेला धरून उचललंस. चाळिशी गाठलेल्या दोन बायका, शिपाई बघतोय, माझ्या हातातली फाईल खाली. मी ओरडतेय, "अगं सोड!" आणि तू म्हणतेयस, "न्हाई सोडत!"

ते एक पान किती बोललं! दोन्ही तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवरून उत्तरं यायला लागली तेव्हा आपण ती गटागटानं लावत बसलो. मला वाटलं होतं, अडण्याची कारणं शंभर निघतील. पण खोऱ्यातल्या गावांत एकच कारण पुन्हा पुन्हा यायचं. तूच ते मोठ्यानं म्हणालीस, "अगं, जाणं अडत नाहीये. परतणं अडतंय." सकाळी जायची सोय होती. काम आटोपून त्याच दिवशी घरी यायची नव्हती.

मी अहवाल लिहिला. तो पाठवून गप्प बसायचं, ही आपली रीत. तू तो काखेत मारून सरळ एसटीच्या साहेबांकडं गेलीस, मला ओढत. साहेबांनी पानं चाळली. "बाई, गाडी सोडायला माझी ना नाही. पण संध्याकाळची रिकामी आली तर? माझ्याकडं काढलेल्या तिकिटांचा हिशेब असतो. न काढलेल्या तिकिटांचा नसतो."

"तो माझ्याकडं आहे," तू म्हणालीस, आणि अहवाल त्यांच्यापुढं सरकवलास.

साहेब खुर्चीत मागं रेलून हसले. मग त्यांनी पासली आणि पुढच्या गावांची पानं खरोखर वाचली, आपल्यासमोर बसून, एकेक. संध्याकाळची गाडी सुरू झाली, तूर्त बघू म्हणून.

पहिले काही दिवस तिच्यातून दोघं-तिघं उतरायची. तुझा जीव कासावीस. तुला घरोघर जाऊन सांगायचं होतं की बायांनो, गाडी आहे, जावा. मी म्हणाले, "अजिबात नाही. आपण पाहणी करणाऱ्या. आपणच गर्दी जमवली तर कळणार काय?" तू माझ्याशी दोन दिवस नीट बोलली नाहीस, पण शब्द पाळलास. पासलीच्या थांब्यावर नुसती उभी राहायचीस.

मग बाजाराचा दिवस आला. उन्हं डोंगरामागं चालली होती. वळणावर गाडी दिसायच्या आधी तिचा हॉर्न ऐकू आला, लांबलचक, ड्रायव्हरला मजा आल्यासारखा. गाडी थांबली आणि माणसं उतरायला लागली ती थांबेनातच. पाट्या, पिशव्या, कॉलेजची पोरं, पाइपची भेंडोळी घेतलेला एक जण, कडेवर लेकरू घेतलेली सासुरवाशीण. आणि सगळ्यांच्या मागून दांडा धरून, काळा चष्मा लावून इंदूकाकी. शस्त्रक्रिया होऊन एक डोळा मोकळा झाला होता. त्यांनी मला हेरलंच. "ए भोरवाले! इचार आता, कुठं गेल्ता म्हणून. लिव की!"

तू तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारलीस. गुरं वळवणाऱ्यांची असते तशी. ती डोंगरावर आपटून परत आली, आणि सगळा थांबा हसला.

ती गाडी आजही आहे, शैला. आता तिला कुणी 'तूर्त' म्हणत नाही.

तू आजारी पडलीस ते आपण दोघींनी फार दिवस चेष्टेवारी नेलं. दवाखान्यात परिचारिकेनं तुझ्यापुढं अभिप्रायाचा कागद धरला. आमची सेवा कशी वाटली? उत्तम, चांगली, समाधानकारक. तू उशीला टेकून म्हणालीस, "वाईट कुठं आहे?" ती हसून म्हणाली, "मॅडम, वाईट ठेवलेलंच नाही." तू पेन मागितलंस, चौथा चौकोन काढलास, त्यापुढं 'वाईट' लिहिलंस आणि मग 'उत्तम'वर खूण केलीस. "आता माझ्या उत्तमला किंमत आली," म्हणालीस. ती मुलगी तो कागद सगळ्यांना दाखवत फिरली.

त्याच खोलीत आपलं शेवटचं भांडण झालं, आणि ते तसंच राहिलं. तू म्हणालीस, मधला प्रश्न काढून टाक, तयारीचा. मी चमकले. "जी लुगडं नेसून बदलते तिचं तू धरतेस," तू म्हणालीस. तुला मध्येच दम लागत होता. "पण जिनं नेसायचंच सोडून दिलं, तिचं काय? ती तुझ्या तयारीत बसत नाही." मी म्हणाले, ते मोजता येणार नाही. तू म्हणालीस, बघ विचार करून. मग तुझं औषध आलं.

मी विचार केला. माझ्याकडं एक उत्तर होतं, ते मी तुला दिलं नाही. तेच आता देते.

आपण त्या अंगणात पानांवर खडे ठेवले, त्याच वर्षी मला दिल्लीची नोकरी आली होती. तुला माहीत होतं. मी होकार कळवला होता, तिकीट काढलं होतं, बॅगसुद्धा भरली होती. आणि गेले नाही. तू साऱ्या जगाला 'का अडलं' विचारलंस, मला कधी विचारलं नाहीस. माझ्यावर बाबांच्या तब्येतीचं ओझं होतं, असं तुला वाटत असणार. तसं काही नव्हतं. माझं काहीच अडलं नव्हतं. मला तुझ्याबरोबर पुढच्या घरी जायचं होतं, एवढंच. आपल्या प्रश्नात ही नोंद 'अडलेली' म्हणून पडली असती, तयारी पक्की, जाणं झालेलं नाही. आणि ती चूक ठरली असती. तेव्हा तयारीचा प्रश्न अपुरा आहे हे मलाही मान्य, पण तू म्हणतेस त्या कारणानं नाही. तो मी ठेवलाय. तुझं म्हणणं मला पटलेलं नाही आणि खोडताही येत नाही. हे ऐकून तू किती खूश झाली असतीस.

तुला पासलीत पोचवलं तेव्हा भातं निघाली होती, खाचरं मोकळी होती. तुझ्या भावानं सगळं नीट केलं. मी तिथं रडले नाही. परतताना कापूरहोळला चहाला थांबले, तर ढाब्याचे मालक टेबल पुसत म्हणाले, "आज एकट्याच? दुसऱ्या ताई कुठं?" मी नुसती मान हलवली. ते समजले. फडकं खांद्यावर टाकून समोर बसले. म्हणाले, "लई आवाज हुता त्यांचा." मग मात्र मी रडले, भर दुपारी, ट्रकवाल्यांच्या देखत.

नंतरच्या आठवड्यात सरांचा फोन आला. ते आता निवृत्त झालेत, पण सल्लागार म्हणून बसतात. नवी पाहणी साऱ्या जिल्ह्यात होणार आहे, आणि आपलं पान तीत कायमचं आलंय. पहिल्या पानावर. चाचणी म्हणून नाही, दोन तालुक्यांपुरतं नाही. सर म्हणाले, "मी सुचवायची गरजच पडली नाही. नव्या लोकांनीच धरून ठेवलं होतं."

आज भोरमध्ये पाहणीला जाणाऱ्या मुलामुलींचं प्रशिक्षण आहे. हॉल गच्च भरलाय. सराव म्हणून मी त्यांना सांगितलं, जोड्या करा आणि हे पान एकमेकांना विचारा, मग चहा घेऊ. चहा येऊन गेला. कुणी उठलं नाही. खिडकीजवळची एक मुलगी जोडीदारिणीला हातवारे करून सांगतेय, तिला पोलीस भरतीच्या मैदानापर्यंत पोचायचं होतं. मागच्या रांगेत दोघं भांडतायत, याला तयारी म्हणायचं की नाही यावर, आणि एक जण फळ्यावर काहीतरी खोडून पुन्हा लिहितोय. इतका कलकलाट आहे की शिपाई दोनदा डोकावून गेला.

मी व्हरांड्यात उभी राहून तुला हे सांगतेय. आतून कुणीतरी हाक मारतंय, "मॅडम, हे बरोबर का ते, तुम्हीच सांगा."

मी सांगणार नाहीये. भांडू दे त्यांना. मी आत जाऊन ऐकत बसते.